फ्रँकसाहेब, पत्ता कुठला लिहू?

मु. पो. ढाणकी, ता. उमरखेड, जि. यवतमाळ

श्रीमान सीएफए फ्रँकसाहेब यांचे सेवेशी,



आपली-माझी ओळख नाही. पण आपल्या घराण्यातली हजाराची एक नोट गेल्या दिवाळीपासून माझ्या कपाटात मुक्कामाला आहे, तेव्हा यजमान या नात्यानं चार ओळी लिहितो. राग मानू नये. मानलात तरी ढाणकीपर्यंत यायला आपल्याला उमरखेडहून एसटीच धरावी लागेल.

नोट आणली माझ्या भाच्यानं. तो नागपूरला जिनिंगची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात फिटर आहे. कारखान्यानं त्याला बेनिन देशात यंत्र बसवायला पाठवलं. आमच्याकडं कापसाची सरकी आणि रुई वेगळी करणारं जे यंत्र, तेच तिथं. पोरगा सहा महिने राहिला आणि परत आला तेव्हा म्हणाला, "मामा, तिथंही सारं आपल्यासारखंच. पऱ्हाटी तीच, वेचणाऱ्या बायाही तशाच, अन् कास्तकार भावासाठी तसाच तोंडाकडं बघत बसलेला." एवढं बोलून त्यानं ही नोट हातावर ठेवली. मागं दोन उंट. पुढं एक मासा, नाकाला करवतीसारखे दात असलेला. सोनं तोलायची जुनी वजनं तिकडं या माशाच्या आकाराची असत, म्हणून ते नोट काढणाऱ्या बँकेचं चिन्ह झालं म्हणे. आमचा गावचा सुतार ती नोट बघून एवढंच बोलला, "करवत जातानाही कापते अन् येतानाही." तो माणूस अर्थशास्त्र शिकलेला नाही, हे आपल्या समाधानासाठी सांगतो.

बेनिनचं काम आटोपल्यावर भाच्याला चाड देशात धाडलं. खिशात आपलेच उरलेले फ्रँक. चाडचं चलन काय? सीएफए फ्रँक. युरोशी दर काय? अगदी तोच. त्यानं रस्त्याकडेच्या शेंगदाणेवाल्या बाईपुढं नोट धरली, तर ती हात मागे घेऊन हसायला लागली. ही नोट पश्चिम आफ्रिकेची, आमची मध्य आफ्रिकेची, चालत नाही. एकाच बापाची दोन लेकरं, एकाच नावाची, एकाच किमतीची, आणि एकमेकांच्या दारात उभी राहू शकत नाहीत. मात्र खात्यावरून जायचं तर दोघांनाही बापाच्या घरी, पॅरिसला, दार उघडं. वाटणी करावी तर अशी! आमच्याकडं भावाभावांत धुऱ्यावरून डोकी फुटतात, पण आठवडी बाजारात दोघांचा पैसा सारखाच चालतो.

भाचा हे हसत सांगत होता आणि मला माझे आजोबा आठवत होते. कारण साहेब, हा खेळ आम्ही पाहिलेला आहे.

ढाणकीच्या दक्षिणेला पैनगंगा आहे. आज ती ओलांडली की नांदेड जिल्हा लागतो. आजोबांच्या काळी ओलांडली की निजामाचं राज्य लागायचं आणि पैसाच बदलायचा. अलीकडं इंग्रजी कलदार, पलीकडं निजामाचा हाली सिक्का. सहा कलदार म्हणजे सात हाली. हदगावच्या बाजारात बैलजोडी घ्यायची तर आधी सराफापुढं बसायचं. कलदार देऊन हाली घेताना सराफ थोडं कापायचा आणि परत येताना उरलेल्या हालीचे कलदार करतानाही कापायचाच. (सुतार काय म्हणाला ते आठवावं.) आजोबांचा एक हाली रुपया अजून पत्र्याच्या डब्यात आहे. त्यावर चारमिनार आणि त्याच्या मधल्या कमानीत एक छोटं अक्षर, ऐन. उस्मान अलींचं आद्याक्षर. चांदीवर स्वतःचं अक्षर उमटवणारा राजा! आणि त्या राजाला आपल्याच वऱ्हाडात एक पटवारी नेमता येत नव्हता.

ते कसं झालं ते सांगतो, म्हणजे आपल्याला घरच्यासारखं वाटेल. निजामाच्या नावानं एक फौज होती, हैदराबाद कंटिंजंट. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून. पगार थकला, थकबाकीवर व्याज चढलं, आणि आपले चुलत आजोबा लॉर्ड डलहौसी यांनी २१ मे १८५३ रोजी करार करून घेतला. कर्जफेड आणि फौजेचा खर्च भागेपर्यंत वऱ्हाड आमच्याकडं राहू द्या. विकत नव्हे, जिंकून तर नव्हेच, नुसतं ‘सोपवून’. ‘हैदराबादने सोपवलेले जिल्हे’ असंच सरकारी नाव. १८६० मध्ये उरलेलं सुमारे ५० लाखांचं कर्ज माफही केलं, पण वऱ्हाड काही सोडलं नाही. मधल्या काळात वऱ्हाडच्या काळ्या मातीत काय पिकतं याचा शोध लागला होता ना! १८६१ मध्ये अमेरिकेत भाऊबंदकी पेटली, तिकडचा कापूस अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांना एकाएकी आमची आठवण येऊ लागली. १९०२ मध्ये कर्झनसाहेबांनी वर्षाला २५ लाख रुपये खंडावर वऱ्हाड कायमचं पट्ट्यानं घेतलं. कायमचा पट्टा! आमच्याकडं मक्त्यानं वावर घेणारा माणूससुद्धा एका हंगामाचंच बोलतो, उलंगवाडी झाली की निघून जातो.

आणि कळस १९३६ सालचा. त्या वर्षी करार झाला की वऱ्हाडवर सार्वभौमत्व निजामाचंच, त्यांच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब. किताब निजामाच्या घरी, वसुली नागपूरच्या कचेरीत. पुढं आफ्रिकेत १९६० साली एकामागून एक झेंडे चढले, तेव्हा वऱ्हाडातल्या एखाद्या म्हाताऱ्यानं रेडिओवर ते ऐकून विचारलं असतं की झेंडा चढला हे समजलं, पण तिजोरीची किल्ली कोणाच्या कमरेला आहे?

किल्ली आपल्या कमरेला होती, फ्रँकसाहेब.

आपला जन्म २६ डिसेंबर १९४५ चा. नाव ठेवलं ‘आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींचा फ्रँक’. त्या वेळी निदान नाव खरं होतं. १९५८ मध्ये वसाहत हा शब्द वाईट दिसू लागला, म्हणून पहिलं अक्षर तेच ठेवून ‘वसाहती’च्या जागी ‘समुदाय’ केलं. स्वातंत्र्यानंतर पश्चिमेकडं ‘आफ्रिकी वित्तीय समुदाय’ झालात आणि मध्य आफ्रिकेत ‘वित्तीय सहकार’. छापायचा ठसासुद्धा बदलावा लागला नाही. माझ्या पाहण्यात आद्याक्षरं सांभाळून पक्ष बदलणारे पुष्कळ आहेत, पण आपल्याइतकी सफाई कोणाला साधलेली नाही. आणि ‘सहकार’? अहो, हा शब्द कानावर पडला की महाराष्ट्रातला माणूस आधी खिसा चाचपतो, मग नमस्कार करतो.

आपली व्यवस्था मी भाच्याकडून दोनदा समजून घेतली, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. आठ देश पश्चिमेचे, सहा मध्याचे, एकूण चौदा. त्यांनी कापूस, कोको, तेल, लाकूड विकून जे परदेशी चलन मिळवायचं, ते फ्रान्सच्या सरकारी तिजोरीतल्या खात्यात ठेवायचं. सुरुवातीला सगळं. १९७३ पासून ६५ टक्के. २००५ पासून निम्मं. बदल्यात फ्रान्सनं हमी घ्यायची की फ्रँक कधी गडगडणार नाही. फ्रान्सचे प्रतिनिधी दोन्हीकडच्या मध्यवर्ती बँकांच्या मंडळांवर बसणार आणि नोटा फ्रान्समधल्या शामालिएर गावात छापल्या जाणार. आमच्या भाषेत सांगायचं तर कास्तकारानं कापूस विकावा, अडत्यानं हातात अर्धीच पट्टी द्यावी आणि म्हणावं, "बाकी माझ्याकडं राहू दे, तुझ्याच भल्यासाठी. चोरीची भीती नाही. वर थोडं व्याज देईन." बरं, अडत्याच्या घरचा मुनीम आपल्या घराच्या हिशेबाला बसलेला. मुलीचं लग्न निघालं की कास्तकारानं अडत्याच्या ओट्यावर टोपी काढून उभं राहावं. व्याज आपण देत होतात, हे मी नाकारत नाही. अडत्येही कधीकधी चहा पाजतात.

हमी मात्र आपण अशी पाळलीत की विचारू नका. १९४८ पासून एका सीएफएचे दोन जुने फ्रेंच फ्रँक येत. पुढं फ्रान्सनं नवा फ्रँक काढला, त्यात ५० सीएफएचा एक झाला, म्हणजे दर तोच. पंचेचाळीस वर्षं कधी हलला नाहीत. मग जानेवारी १९९४ मध्ये सेनेगलच्या राजधानीत, डाकारला, राष्ट्रप्रमुख जमले आणि बाहेर येऊन सांगितलं की उद्यापासून ५० नाही, १०० चा एक. माणूस रात्री शंभराची चटणी-भाकर घेऊन झोपला आणि सकाळी पन्नासाची घेऊन उठला. दवाखान्यातली औषधं फ्रान्सहून यायची, त्यांच्या किमती दुप्पट झाल्या. कापूस उत्पादकांना सुरुवातीला फायदा झाला, हेही लिहिलंच पाहिजे. परदेशात माल स्वस्त झाला, पेरा वाढला. पण मला नवल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. मुलाच्या दुधाच्या डब्याची किंमत ज्या निर्णयानं दुप्पट होते, त्यासाठी वॉशिंग्टनहून नाणेनिधी आणि पॅरिसहून मंत्री यावे लागतात. ती आई कुठंच नसते.

नंतर युरो आला. आपण लगेच त्याला चिकटलात. एक युरो बरोबर ६५५.९५७ सीएफए. दशांशानंतर तीन आकडे! असा चोख हिशेब फक्त एका सावकाराच्या वहीत असल्याचं ऐकून आहे, पण ती वही दाखवण्याइतका तो सावकार अजून मला घाबरत नाही.

आता जे आपल्याला सोडून गेले त्यांच्याविषयी. मी आरोप करत नाही. नुसत्या तारखा सांगतो.

२८ सप्टेंबर १९५८. फ्रान्सनं सगळ्या वसाहतींना विचारलं, आमच्या समुदायात राहता का? गिनीनं एकटीनं ‘नाही’ म्हटलं. गिनीचे नेते सेकू तूरे म्हणाले की श्रीमंत गुलामीपेक्षा गरीब स्वातंत्र्य बरं, अशा अर्थाचं काहीतरी. आपले साहेब लोक कचेऱ्या सोडताना फायली आणि टेलिफोनसुद्धा उपटून घेऊन गेले. आमच्याकडं वाटण्या झाल्यावर चूल उखडून नेणारी जाऊ असते, तशातली गत. १९६० मध्ये गिनीनं स्वतःचा फ्रँक काढला, तर बाजारात खोट्या नोटा उतरल्या. कोणी उतरवल्या ते फ्रेंच गुप्तहेर खात्यातल्या लोकांनीच म्हातारपणी सांगून टाकलं.

१३ जानेवारी १९६३. टोगोचे अध्यक्ष सिल्वानुस ओलिंपियो स्वतःचं चलन काढायच्या खटपटीत होते. फ्रेंच सैन्यातून घरी परतलेल्या टोगोच्या सैनिकांनी त्यांना लोमे शहरात, अमेरिकेच्या वकिलातीच्या फाटकाजवळ, गोळ्या घातल्या. आपला संबंध नाही. मी कुठं म्हणतो?

मालीनं १९६२ मध्ये आपल्याला सोडलं आणि १९८४ मध्ये मान खाली घालून परत आली. त्या बावीस वर्षांत मालीनं स्वतःहूनही पुष्कळ घोळ घातले.

आणि १५ ऑक्टोबर १९८७. ही तारीख मी जरा थांबून लिहितो, कारण हा माणूस आमच्या वर्धेच्या शेजारचा वाटतो. थॉमस सांकारा, अप्पर व्होल्टाचा तरुण कॅप्टन. १९८३ मध्ये सत्तेवर आला, पुढच्या वर्षी देशाचं नाव बदलून बुर्किना फासो केलं, म्हणजे प्रामाणिक माणसांचा देश. सरकारी मर्सिडीज विकल्या आणि मंत्र्यांना छोट्या रेनॉ गाड्यांत बसवलं. सरकारी नोकरांना सांगितलं की अंगावर ‘फासो दान फानी’ घाला. म्हणजे आपल्याच वावरातला कापूस, आपल्याच बायांनी कातलेला आणि आपल्याच मागावर विणलेला. सेवाग्राम इथून काही फार लांब नाही. आम्हाला ही भाषा शिकवावी लागत नाही. फरक इतकाच की आमच्याकडं खादी आता दोन ऑक्टोबरची इस्त्री झाली. भाचा सांगतो की सांकाराच्या काळात कारकून लोक हे कपडे पिशवीत घेऊन यायचे आणि तो अचानक आला की घाईघाईनं चढवायचे. खरंखोटं त्याला ठाऊक, पण कारकून ओळखीचे वाटतात. जुलै १९८७ मध्ये आदिस अबाबाला सांकारानं सगळ्या आफ्रिकेच्या राष्ट्रप्रमुखांना सांगितलं की हे कर्ज आपण फेडता कामा नये, आणि एकट्यानं नाही म्हटलं तर पुढच्या बैठकीला मी नसेन. पुढची बैठक झाली. तो नव्हता. गोळ्या घालणारी टोळी होती त्याच्या जिवलग मित्राच्या, ब्लेझ काँपाओरेच्या गटातली. मित्र पुढं सत्तावीस वर्षं गादीवर बसला आणि त्याचं आपल्याशी कधीच वाकडं नव्हतं.

एवढ्यावरून आपण म्हणाल, ढाणकीचा हा म्हातारा सगळं खापर माझ्यावर फोडतोय. छे. आपल्याला घरात घेणारे घरचेच होते, हे मला कळतं. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात बोकासा नावाच्या लष्करशहानं ४ डिसेंबर १९७७ ला स्वतःला सम्राट म्हणून राज्याभिषेक करवून घेतला, नेपोलियनसारखा, गरुडाच्या सिंहासनावर बसून. बग्गी, झगे बहुतेक फ्रान्सहून, आणि खर्चाचा मोठा वाटा उचलणारंही फ्रान्सच. दोन वर्षांनी तोच डोईजड झाला तेव्हा फ्रेंच सैनिकांनीच त्याला उतरवलं. आयव्हरी कोस्टच्या हूफुए-ब्वान्यी यांनी आपल्या जन्मगावी, यामुसुक्रोला, रोमच्या सेंट पीटरलाही मागं टाकेल एवढं उंच चर्च उभारलं, १९९० मध्ये पोप येऊन त्याला आशीर्वाद देऊन गेले. टोगोत एयादेमा १९६७ ते २००५ आणि त्यानंतर मुलगा. गॅबॉनमध्ये बोंगो बाप आणि बोंगो मुलगा मिळून छप्पन वर्षं. घराणं म्हणजे काय ते आम्हालाही ठाऊक आहे. शेजारच्या पुसदच्या एका घरातून काका आणि पुतण्या असे दोन मुख्यमंत्री महाराष्ट्राला मिळाले. पण ते मत मागायला दारात यायचे, आणि आमच्या मतात निदान त्यांना घाबरवण्याची ताकद होती.

दुसरी कबुलीही देऊन टाकतो. स्वतःची नोट छापली म्हणजे राज्य स्वतःचं होतं, असं आजोबांच्या चारमिनारकडं बघून तरी म्हणवत नाही. झिंबाब्वेनं स्वतःचीच नोट छापली आणि २००९ मध्ये शंभर लाख कोटींच्या नोटेवर येऊन थांबलं. शेजारच्या घानाची सेडी कितीदा आपटली. आपले वकील सांगतात की आमच्याकडं महागाई त्या मानानं कमी, आणि हे खरं आहे. घरात वाघ बांधला की चोर येत नाहीत, हेही खरंच आहे.

मला राग आहे तो कापसाचा. तिथं मला आपली वकिली पटत नाही.

माली, बुर्किना, बेनिन, चाड हे चार कापसाचे देश. मालीत कापूस विकत घेणारी कंपनी एकच, सीएमडीटी. फ्रेंच वसाहतीच्या कापूस कंपनीच्या पोटातून १९७४ मध्ये जन्मलेली आणि त्या आईचा हिस्सा भरपूर ठेवलेली. बियाणं, खत, फवारणी उधारीवर द्यायची आणि कापूस आला की सगळं कापून घ्यायचं. भाव कंपनी ठरवणार. हे ऐकून मी भाच्याला म्हटलं की अरे, हा तर आपला एकाधिकार! महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी होती, आपल्याला कदाचित माहीत नसेल. सरकारलाच कापूस विकायचा. भाव बरा असायचा, चुकारे उशिरा. खरेदी केंद्रावर बंड्यांची रांग इतकी लांब की बैल रवंथ करून थकायचे आणि आम्ही बंडीखाली झोपायचो. ग्रेडर कापसाची मूठ उचलून नाकाला लावायचा, जणू अत्तर घेतोय, आणि म्हणायचा, "ओलावा आहे." पलीकडं आंध्रात भाव जास्त असला की रात्री कापूस आदिलाबादकडं निघायचा. एका रात्री माझ्याही दोन बंड्या निघाल्या होत्या. कबूल करायला आता हरकत नाही, खटल्याची मुदत गेली. पण साहेब, आमच्या एकाधिकाराच्या मंडळाला शिव्या घालायला मुंबईत आमदार होते. मालीच्या कास्तकारानं शिव्या कुठं पाठवायच्या? २००० च्या हंगामात त्यांच्यातल्या पुष्कळांनी कापूस पेरलाच नाही, थेट पेरणीवर बहिष्कार. पीक निम्म्यावर आलं. तसं धाडस आम्हाला अजून झालेलं नाही.

२००३ मध्ये याच चार देशांनी जागतिक व्यापार संघटनेकडं गाऱ्हाणं मांडलं. गाऱ्हाणं असं की अमेरिका आपल्या सुमारे २५ हजार कापूस उत्पादकांना इतकं अनुदान देते की जगात भाव पडतो आणि आमचे कोटभर लोक उपाशी बसतात. सप्टेंबरमध्ये मेक्सिकोत कॅनकुनला बैठक झाली. कोणी ऐकलं नाही, बैठक फिसकटली. बैठकीच्या पहिल्याच दिवशी, १० सप्टेंबरला, कोरियाचे शेतकरी ली क्यूंग-हे यांनी कुंपणावर चढून स्वतःच्या छातीत सुरा खुपसला. यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाचा हे वाक्य लिहिताना हात थांबतो, म्हणून पुढं जातो. अमेरिकेला कोर्टात खेचणारा ब्राझील जिंकला आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन घरी गेला. आफ्रिकेच्या चौघांना काय मिळालं? पुढच्या बैठकीचं निमंत्रण.

आणि आपण काय करत होतात? डॉलर खाली, युरो वर, आणि आपण युरोच्या पायाला बांधलेले. कापूस जगात डॉलरमध्ये विकतो. म्हणजे युरो चढला की मालीच्या कास्तकाराच्या हातात फ्रँक कमी पडायचे. पऱ्हाटी त्याची, घाम त्याचा आणि भाव मात्र फ्रँकफर्टच्या कचेरीत कोणी व्याजदर हलवला म्हणून पडायचा. आमचा रुपया घसरला की आम्ही दिल्लीला शिव्या देतो आणि कापूस विकून टाकतो. त्याला तेवढंही सुख नाही.

बुर्किनानं एक गोष्ट मात्र अशी केली की मी टोपी काढली. २००८ पासून त्यांनी अमेरिकन कंपनीचं बीटी बियाणं लावलं. अळी कमी झाली, उत्पन्नही वाढलं, पण धागा आखूड आला. भाच्याच्या भाषेत, रुईचा ‘ताना’ गेला, आणि बाजारात त्या देशाचं नाव खराब झालं. २०१६ पर्यंत त्यांनी ते बियाणं बंद केलं आणि जुन्या जातीकडं परतले. आमच्याकडं २००२ पासून बीटी आहे आणि गुलाबी बोंडअळीही. परत फिरायला मागं जुनं बियाणंच शिल्लक नाही.

२१ डिसेंबर २०१९ ला आबिजानमध्ये आपल्या पुनर्जन्माची घोषणा झाली. फ्रान्सचे मॅक्राँसाहेब शेजारी उभे, आयव्हरी कोस्टचे उआतारा माइकवर. आता नाव ‘इको’, पश्चिमेच्या देशांना फ्रान्समध्ये पैसा ठेवायची सक्ती नाही, मंडळावर फ्रान्सची माणसं नाहीत. दर मात्र तोच, ६५५.९५७. हमीही तीच. नावही अजून बदललेलं नाही. बदललं तर कळवावं. भाच्याच्या नोटेचं काय करायचं ते ठरवता येईल.

मधल्या काळात माली, बुर्किना, नायजर तिन्हीकडं लष्करानं सरकारं पाडली आणि फ्रेंच सैन्याला बाहेर काढलं. रस्त्यावर रशियाचे झेंडे दिसू लागले. सोन्याच्या खाणीपाशी भाडोत्री शिपाई आले, नवी भाषा बोलणारे. गावात जुना सावकार गेला आणि नवा आला की चार महिने सगळ्यांशी फार गोड बोलतो. गंमत म्हणजे आपल्याला जाहीर शिव्या देणाऱ्या त्या तिन्ही सेनापतींच्या सैनिकांचे पगार अजूनही आपल्याच नोटांत होतात. हे वाचून आपण गालात हसला असाल.

हसा. पण आमच्याकडं पाहूनही हसा, म्हणजे न्याय होईल. बंगळूरच्या एका गुलाबाच्या कंपनीनं इथिओपियात गांबेला भागात प्रचंड जमीन भाडेपट्ट्यानं घेतली. पीक बुडालं, कंपनी निघून गेली. सहारनपूरच्या गुप्ता बंधूंनी दक्षिण आफ्रिकेत मंत्री कोण व्हावं यावर आपलं मत दिल्याचं तिथल्या चौकशी आयोगानं लिहून ठेवलं. कायमचे पट्टे द्यायला शिकलेले आम्ही आता घ्यायलाही शिकतोय. भाच्याला विचारलं की तिथले लोक तुमच्याबद्दल काय बोलतात, तर तो जरा वेळानं म्हणाला, "मशीन चांगली आहे म्हणतात, मामा. सुटा भाग मागवायचा तर नागपूरलाच फोन करावा लागतो, एवढीच तक्रार."

पत्र इथंच थांबवणार होतो, पण काल पाकीट घेऊन पोस्टात गेलो. खिडकीतल्या बाईंनी वजन केलं, चष्मा वर सारला आणि विचारलं, "काका, देश कुठला लिहू?" मी म्हटलं, डाकार, सेनेगल. आपल्या बँकेचं मुख्यालय तिथंच, १९७० च्या दशकात पॅरिसहून हललं. बाईंनी लिहिलं. मग त्यांनी नाव वाचलं, काहीतरी आठवल्यासारखं केलं आणि विचारलं, "नोट छापतात कुठं?" मी शामालिएर म्हटलं. "फ्रान्स?" हो म्हटलं. मागं रांग वाढत होती. एक मुलगा पॅन कार्ड आलं का म्हणून डोकावत होता. बाईंनी थोडा विचार करून ‘डाकार’च्या खाली ‘द्वारा’ लिहिलं, पुढं जागा कोरी ठेवली, आणि पाकीट माझ्याकडं सरकवून म्हणाल्या, "ते तुम्हीच भरा."

आपला,
एक कास्तकार